ओलं बोट

उरणहून 18 टन एलपीजी भरून पुण्याकडे निघालेले अण्णा बोरघाटात शिंग्रोबाच्या देवळाशी आले की एक नाणं टाकत. घाटाची वाट ज्याने दाखवली असं सांगतात, त्या धनगराचं ते देऊळ. 22 वर्षांत नाणं चुकलं नव्हतं आणि अण्णांच्या बुलेट टँकरला साधा ओरखडाही आला नव्हता.

म्हणूनच हझार्डच्या, म्हणजे धोकादायक माल वाहायच्या लायसनसाठी पुन्हा वर्गाला बसायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. पूर्वी हे लायसन दर वर्षी नवं करावं लागे. 2019 च्या कायदादुरुस्तीने मुदत 3 वर्षांची झाली. "एक दिवसाची फेरी बुडते," अण्णा कुरकुरत, "आणि शिकवणार काय? आम्ही रोज करतो तेच."

मला अण्णांचं इथेच चुकलेलं दिसतं. गाडी चालवण्याचं रोजचं काम त्या वर्गात कुणी शिकवत नाही. आयुष्यात कदाचित एकदाच करावं लागेल असं काम तिथे पुन्हा पुन्हा करून घेतात. ज्याची गाडी कधी उलटली नाही, त्याच्या हाताला ते काम ठाऊक तरी कुठून असणार?

एका वर्षी वर्गात शिकवणाऱ्या गुरुजींनी आधी चालाची गोष्ट सांगितली. केरळात कण्णूरजवळचं हे गाव. 2012 च्या ऑगस्टमध्ये तिथे रात्री एलपीजीचा टँकर उलटला, गॅस घरांपर्यंत पसरला आणि मग पेटला. 20 माणसं गेली. सांगून झाल्यावर गुरुजींनी टेबलावर एक फळी तिरकी ठेवली. मधोमध काडेपेटी आडवी केली. "हा घाट. हा उलटलेला टँकर. अण्णा, तुम्ही कुठे उभे राहाल?"

अण्णांनी क्षणभरही न थांबता काडेपेटीच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं. "इथे. खालून येणाऱ्या गाड्या नकोत का थांबवायला?"

गुरुजींनी तांब्यातलं पाणी हळूच काडेपेटीवर ओतलं. ते फळीवरून ओघळत आलं आणि अण्णांचं बोट ओलं झालं.

"एलपीजी हवेपेक्षा दीडदोन पट जड," गुरुजी म्हणाले. "असाच उताराने वाहतो, गटारात, खड्ड्यात साचून राहतो. पांढरं धुकं दिसतं तेवढाच गॅस, असंही समजू नका. त्याच्या पुढेही तो असतो, न दिसणारा."

वर्गात कुणी हसलं नाही. अण्णांनी बोट सदऱ्याला पुसलं.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी, जुन्या रस्त्याने घाट चढताना रांग थांबली आणि मागचा ट्रक येऊन टँकरवर आदळला. अण्णा उतरून मागे निघाले. व्हॉल्व्हच्या पेटीतून फुस्स असा बारीक आवाज येत होता, तो उग्र वासही येत होता. क्लिनर म्हणून बरोबर असलेला भाचा मोबाइलची बॅटरी लावून खाली धावायच्या बेतात होता. ट्रकवाल्याचा हात चावीकडे गेला होता, गाडी मागे घ्यायला.

अण्णांना बोट ओलं झाल्यासारखं वाटलं.

"चावीला हात लावू नको! उतर आणि खाली पळ, लांब, गाड्या तिकडेच अडव!" ते ओरडले. भाच्याच्या दंडाला धरून त्याला मागे खेचला, मोबाइल खिशात ठेवायला लावला. मूठभर पाचोळा उचलून सोडला. तो खालच्या अंगाला उडाला. वारा घाटमाथ्याकडून होता. म्हणजे आपण वर. भाच्याला लाल फडकं देऊन चढाकडे पिटाळलं: वरची वाहतूक बंद कर, पुरेसा लांब गेलास की मगच टँकरच्या पाटीवरच्या नंबरला फोन लाव. मग टँकरचा मास्टर स्विच कुठे आहे हे त्यांना आठवावं लागलं नाही, कारण फेरी सुटण्याआधी केबिनमधली आपत्कालीन सूचनांची पत्रिका या वेळी त्यांनी खरोखर वाचली होती. आणीबाणीचा व्हॉल्व्हही त्यांनी बंद केला. आवाज कमी झाला, थांबला मात्र नाही.

ट्रकच्या खालच्या अंगाला चहाची टपरी होती. स्टोव्ह पेटलेला. रस्त्याने गेले असते तर दोन मिनिटांत पोचले असते. ते डोंगरकडेच्या चढावरून वळसा घालून गेले, काटे लागून पोटऱ्या रक्ताळल्या, पण गॅसच्या आधी पोचले. टपरीवाल्या मावशींनी स्टोव्ह बंद केला आणि काही न विचारता त्यांच्यामागून चालू लागल्या.

अग्निशमन दलाने पाण्याचा फवारा धरून धुकं पांगवलं, कंपनीच्या माणसांनी गळती बंद केली. पहाटे रस्ता सुटला.

तीन वर्षांनी अण्णा पुन्हा वर्गात होते, पहिल्या बाकावर. शेजारी भाचा, आता स्वतः टँकर चालवणारा. गुरुजींनी फळी तिरकी ठेवली, काडेपेटी आडवी केली आणि विचारलं, "कुठे उभे राहाल?"

भाच्याचं बोट झटकन वरच्या बाजूला निघालं. अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. वारा कुठला, ते आधी विचार."