मातृऋण आणि स्मरण

मातृऋण फिटत नाही, असे म्हणून आपण ते फेडण्याच्या खटाटोपातूनच मोकळे होतो. गेलेल्या आईचे स्मरण आपण भक्तिभावाने करतो. परंतु स्मरण म्हणजे ऋणफेड काय?

जळगावजवळच्या असोद्याच्या शेतकरी घरात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. वैधव्य आले, तरी शेतातले व जात्यावरचे कष्ट सुटले नाहीत. त्या कष्टांतच त्यांना गाणी सुचत. १९५१ साली त्या निवर्तल्या आणि १९५२ साली ती गाणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सोपानदेवांचे पुत्रकर्तव्य मला त्या ग्रंथाहूनही, आई हयात असताना तिचे बोल लिहून ठेवले गेले, यात अधिक दिसते.

परप्रांतीच्या कचेऱ्यांत बसून आपण साऱ्या जगाचे जबाब नोंदवितो. माझी आजीही पहाटे दळताना काही गात असे. त्या दळणाच्या भाकरीवर मी वाढलो. गाण्यातला शब्द मात्र एकही आठवत नाही. स्मरण केव्हाही करता येते. ऐकण्यासाठी माणूस हयात असावे लागते. ज्यांची आई अजून गावी आहे, त्यांनी पुढची रजा मागताना एवढा विचार करावा.