डाव्या हाताला विचारा

गिटार अजून घरात आलेली नाही, हे बरंच आहे. हात रिकामा आहे तोवरच त्याच्याकडे नीट पाहता येतं. गोंदिया जिल्ह्यातल्या कोहमाऱ्यात असाल तर राष्ट्रीय महामार्ग ५३ वरच्या ट्रकांचा आवाज थोडा मागे राहील अशी जागा निवडा. घराची ओसरी चालेल, बांधीच्या धुऱ्यावरचं मोहाचं झाड चालेल. खांदे खाली सोडा. डावा हात मांडीवर ठेवा, तळवा वर. आता काहीच करू नका. हाताचं वजन मांडीला कळू द्या.

मग बोटांकडे पाहा. सैल सोडलेली बोटं सरळ नसतात, थोडी आत वळलेली असतात. अंगठा तर्जनीच्या थेट समोर येत नाही, जरा बाजूला तिरका पडून राहतो. हा तुमच्या हाताचा आरामाचा आकार. पुढे दुकानात जी कुठली गिटार हातात येईल, तिची नेक, म्हणजे डाव्या हाताने धरायची लांब दांडी, या आकाराशी किती जुळते एवढंच पाहायचं आहे. म्हणून चार-पाच श्वास इथेच थांबा आणि हा आकार ओळखून ठेवा.

आता अंगठ्याचं टोक तर्जनीच्या टोकाला टेकवा आणि हलकेच दाबा. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे, तो कठीण झालेला जाणवेल. दाब सोडा. पुन्हा दाबा, पण या वेळी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये एखादी जाड वस्तू आहे असं समजून, दोघांत अंतर ठेवून. उंचवट्यावरचा ताण वेगळा लागतो. कुणाला कमी, कुणाला जास्त. हा फरक सावकाश, दोन्ही बाजूंनी अनुभवा. गिटारच्या नेकबद्दल जे काही समजून घ्यायचं आहे, त्यातलं पुष्कळसं या उंचवट्यात आहे.

कुऱ्हाडीला दांडा बसवणाऱ्याला हे माहीत असतं. दांडा फार बारीक झाला की मूठ जास्त आवळावी लागते, आणि आवळलेली मूठ लवकर थकते. नेकचंही तसंच आहे, पण नवशिक्याला ते पटकन पटत नाही. पातळ नेक म्हणजे सोपी नेक, लहान हात असेल तर पातळच घ्या, असं त्याला सांगितलं जातं. मला हा सल्ला अपुरा वाटतो. पातळ नेकवर बोटं लांब पोचतात हे खरं, पण तळहात रिकामा राहतो आणि सगळा भार अंगठ्याच्या टोकावर येतो. लहान हाताच्या कितीतरी वादकांना भरलेली नेकच आवडते, कारण ती तळव्याला टेकायला जागा देते.

किती मिलिमीटरची ही गोष्ट आहे, तेही मनात धरा. आयबानेझच्या विझार्ड ३ या नेकची जाडी पहिल्या फ्रेटपाशी, म्हणजे नेकवरच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी, १९ मिलिमीटर आहे, बाराव्या फ्रेटपाशी २१. फेंडरच्या १९५० च्या दशकाच्या सुरुवातीच्या टेलिकास्टरची नेक पहिल्या फ्रेटपाशी जवळजवळ २५ मिलिमीटर भरते. फरक जेमतेम सहा मिलिमीटरचा. डोळ्यांना तो क्षुल्लक वाटेल, पण हात या सहा मिलिमीटरवर हो किंवा नाही म्हणतो.

डोळे मिटा आणि नेकची पाठ मनातल्या मनात चाचपा. तिचे आकार इंग्रजी अक्षरांनी ओळखतात. पहिली सी, म्हणजे उथळ गोलाई, अर्ध्या लंबगोलासारखी. हात तिच्याभोवती सहज वळतो. म्हणूनच बहुतेक आधुनिक इलेक्ट्रिक गिटारी सीच्या आसपास असतात. तिची पाठ थोडी सपाट करा आणि खांदे भरा, ती डी झाली. अंगठा नेकच्या मधोमध मागे ठेवून वाजवणाऱ्याला ही सपाटी आधार देते. दोन्ही बाजूंच्या भिंती उंच केल्या की यू. आता पाठीवर एक कणा येऊ द्या, हा व्ही. इथे जरा थांबा. अंगठा वरून डोकावेल अशा रीतीने नेक मुठीत घेतली आहे, असं समजा. व्हीचा कणा अंगठा आणि तर्जनीमधल्या खाचेकडे बसतो आणि हात स्थिरावतो. आता अंगठा मागे, मधोमध आणा, बार कॉर्डसाठी आणतात तसा. तोच कणा अंगठ्याला एका रेषेत टोचू लागतो. नेक बदलली नाही, अंगठा हलला. एरिक क्लॅप्टनने १९५० च्या दशकातल्या तीन स्ट्रॅटोकास्टरचे भाग जोडून 'ब्लॅकी' ही गिटार तयार केली होती. तिची नेक व्ही आहे आणि त्याच्या नावाच्या स्ट्रॅटोकास्टरलाही फेंडरने सौम्य व्ही ठेवला. तार ओढताना तो अंगठा वर काढून वाजवतो, त्यामुळे त्याला ती शोभते. तुमचा अंगठा कुठे राहतो?

या प्रश्नापाशी घाई करू नका. उत्तर तुम्ही कुठलं संगीत वाजवणार यावर आहे, कुणाची गिटार आवडते यावर नाही.

अक्षरांवर फार विसंबू नका. एका कंपनीची सी दुसऱ्या कंपनीच्या सीसारखी नसते. १९६० च्या दशकात फेंडर नेकच्या टोकावर ए, बी, सी, डी असे शिक्के मारत असे. ते आकाराचे नव्हते, नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून येतात त्या पट्टीपाशी, नेक किती रुंद आहे ते सांगणारे होते.

नेकची समोरची बाजूही गोल असते. फेंडरच्या जुन्या फ्रेटबोर्डची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची आहे, गिब्सनची साधारण १२ इंच, विझार्डची त्याहूनही सपाट. आडवी तर्जनी टाकून कॉर्ड धरताना जास्त गोलाई बोटाला मानवते. पण वरच्या फ्रेटवर तार खूप ओढली, तर तिथेच स्वर घुसमटतो. कॉर्ड जास्त की लांब ओढलेले स्वर जास्त, हे आपलं आपण ठरवायचं.

आता मनाने मिरजेला जाऊन या. तिथे १८५० च्या सुमारास शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. सतारीची दांडी तीन इंचांहून रुंद, आतून पोकळ, मागून गोलावलेली. ती मुठीत मावत नाही, आणि मुठीत धरायची नसतेच. भोपळा डाव्या तळपायापाशी टेकलेला, दांडी उजव्या मांडीच्या आधाराने तिरकी, भोपळ्यावर उजव्या हाताचा दाब. तोल असा सांभाळला की डावा हात मोकळा होतो. अंगठा मागे नुसता टेकतो आणि बोटांबरोबर सरकत जातो. तार आडवी ओढून मींड घेताना जोर लागतो, पण तो जोर स्वर काढण्यात जातो, वाद्य धरून ठेवण्यात नाही.

हे गिटारला लावून पाहा. काही इलेक्ट्रिक गिटारींचं अंग हलकं आणि डोकं जड असतं. पट्टा लावून उभं राहिलं की नेक खाली झुकते आणि डावा हात नकळत तिला उचलून धरतो. अशा वेळी कुठलाही आकार वाईटच वाटणार. नेकला दोष देण्याआधी हात पूर्ण सोडून द्या आणि गिटार जागेवर राहते का ते पाहा.

श्वास मोजू नका, नुसता येऊ द्या. आणि मंडईची एक रात्र डोळ्यांसमोर आणा. दिवाळीनंतर कोहमाऱ्याच्या पट्ट्यात गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार असते, नाटक असतं. कोहमाऱ्याहून रस्ता वडशाकडे जातो, झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांच्या ठाण्याकडे, आणि ती नाटकं पहाटेपर्यंत रंगतात. अशा रात्री मंचावर कुणी साथीला बसलं तर त्याचा हात तासन्‌तास कामात असतो, त्यात थंडीने बोटं आखडलेली. दुकानात पाच मिनिटं सुखाची वाटणारी नेक पहाटे चारला कशी वाटेल? हा प्रश्न हाताला विचारा. हात लगेच उत्तर देणार नाही, पण प्रश्न त्याच्यापाशी राहू द्या.

हवामानाचाही विचार हवा. गोंदियाच्या पावसाळ्यात घामेजल्या तळव्याला चकचकीत रोगणाची नेक चिकटते. कमी चमकीचं, मऊ फिनिश तिथे सरकतं. मे महिन्याच्या कोरड्या उन्हाने फ्रेटबोर्ड किंचित आकसतो आणि फ्रेटची टोकं बोटाला लागू लागतात. नेकचा बाक बदलला तर आतल्या सळईने तो सरळ करता येतो. गिब्सनच्या थॅडियस मॅकह्यूला तिचं पेटंट १९२३ साली मिळालं. बाक दुरुस्त होतो, पाठीची गोलाई मात्र घेताना असते तीच राहते.

आता दुकानात आहात असं समजा, गोंदियाच्या किंवा नागपूरच्या. गिटार मांडीवर घ्या, मग पट्टा लावून उभे राहा. पाचव्या फ्रेटवर बार कॉर्ड धरा. पहिल्या फ्रेटवर नको, कारण तिथे नटच्या खाचा उथळ असतील तर तारा उंच राहतात, दाबायला जड जातं आणि त्याचं खापर नेकवर फुटतं. वाजवू नका, धरून ठेवा. मनगट मुडपलं आहे का पाहा. ते सरळ करा आणि बघा, नेक त्याला सरळ राहू देते का. मग अंगठ्याच्या मुळाशी लक्ष न्या, घरी ओळखलेल्या त्याच उंचवट्याकडे. दहा श्वास तिथेच थांबा. तार दाबायला लागतो तेवढा ताण असणारच. तो श्वासागणिक वाढत चालला, तर गिटार परत द्या आणि दुसरी मागा. दुसरीवरही पूर्ण दहा श्वास.

मागवूनच घ्यायची असेल, तर ज्या मित्राची गिटार हाताला बरी वाटते, तिची जाडी पहिल्या आणि बाराव्या फ्रेटपाशी व्हर्नियर कॅलिपरने मोजा. लेथवाल्याकडे तो मिळेल. नटची रुंदीही मोजा. हे तीन आकडे कागदावर लिहा आणि कंपनी देते त्या मापांशी ताडून पाहा. कंपनी माप देत नसेल, तर विक्रेत्याला लिहून विचारा आणि उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.