आठचा आकडा आणि पुढचा रस्ता



घरातला मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की म्हसवडसारख्या गावात मोटारसायकल हाती येते. डेअरीला दूध घालायचे असते, दहिवडीला कॉलेज गाठायचे असते. शिकाऊ परवाना निघतो, ३० दिवसांनंतर चाचणी देता येते आणि काका किंवा थोरला भाऊ शिकवायला उभा राहतो. त्याने नेमके काय शिकवावे?

चाचणीत पाय न टेकता आठच्या आकड्यात गाडी फिरवावी लागते. मैदानात फक्कीने आठ आखावा. पहिला गिअर, क्लच अर्धा दाबलेला, मागचा ब्रेक किंचित लावलेला आणि नजर चाकाकडे नव्हे, तर जिकडे वळायचे तिकडे. चार संध्याकाळी सराव केला की बहुतेकांना जमते.

पण तेवढ्याने मदत पुरी झाली का? निरीक्षक काही मिनिटेच पाहतो. पुढे कित्येक वर्षे कोणी पाहत नाही. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते, माणूस घरे बांधता बांधता गवंडी होतो. पण वाईट बांधत राहिला तर वाईट गवंडीही तसाच होतो. चाचणीपुरते हेल्मेट घालणाऱ्यालाही सवय लागतेच, ती हेल्मेट काढून ठेवण्याची!

काही जण म्हणतात, "ओळखीने परवाना काढू. नापास झाला तर साताऱ्याची खेप वाया जाईल, रोजगार बुडेल." ही अडचण खरी आहे, आपण ती हसण्यावारी नेऊ नये. परंतु नापास झालेल्याला ७ दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांतली शेकडा ४४ दुचाकीवरची होती. त्यांच्यासाठी दुसरी खेप नाही.

परवाना म्हणजे समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला दिलेला शब्द आहे. आपल्या वाट्याची सूट आपण पुतण्याला खुशाल द्यावी. त्या अनोळखी माणसाच्या वाट्याची सूट देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

म्हणून चाचणी झाल्यावरही काही दिवस आपण मागे बसावे. तिन्हीसांजेला पंढरपूर रस्त्यावर, दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीमागे, घाई न करता थांबायला शिकवावे. त्या थांबण्याला गुण नसतात. पण मूल घरी परत येते ते त्यामुळेच.