पाच सांध्यांचे पात्र

मोटारीच्या छताला काचेची खिडकी ठेवण्याची कल्पना ज्या कोणा कल्पकाला प्रथम सुचली, तो नागपूरचा रहिवासी नसला पाहिजे, हे विदर्भातला एक उन्हाळा काढलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. वैशाखात येथे पारा 45 अंशांच्या घरात जाऊन बसतो, कळमन्याच्या बाजार समितीच्या आवारात भर दुपारी हमाल पोत्यांच्या थप्प्यांची सावली धरून पडलेले असतात, आणि अशा मुलखात आपण पदरचे पैसे मोजून छताला भोक पाडून घेतो, त्या भोकातून उतरणाऱ्या सूर्याचा बंदोबस्त करण्यासाठी त्याच्याखाली सरकता पडदा बसवून घेतो, आणि तो पडदा ऐन उन्हाळ्यात अडकला म्हणजे कारखान्याला, रस्त्यावरच्या धुळीला आणि स्वतःच्या प्राक्तनाला बोल लावतो. परिग्रहाची जातच अशी आहे की एक वस्तू घरात आली म्हणजे ती आपल्या तैनातीस दुसरी मागून घेते.

माझ्या मोटारीचा पडदा असाच निम्म्यावर येऊन तिरपा झाला, तेव्हा गॅरेजच्या मिस्त्रीने तो एकदा हलवून पाहिला आणि निकाल दिला, ‘‘साहेब, हे दुरुस्त नाही होत, पुरी असेंब्लीच बदला लागते.’’ असेंब्लीची किंमत ऐकून मी गाडी तशीच घरी आणली आणि घरीच काही तजवीज करता येते का ते पाहू लागलो. त्या वेळी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचा प्रातःकाळ गीतापाठात जातो आणि ज्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, फाटकाशी उभे राहून म्हणाले, ‘‘अहो, जड वस्तूत इतका जीव गुंतवू नये. नवे टाका आणि मोकळे व्हा.’’ मिस्त्रीचा सल्ला व्यवहाराचा होता आणि आजोबांचा परमार्थाचा. दोघांचे फर्मान मात्र अक्षरशः एकच निघाले, आणि या योगायोगाने मी अस्वस्थ झालो. वस्तू टाकून देणे हे जर वैराग्य असेल, तर दर दोन वर्षांनी मोबाइल बदलणारा तरुण हा आपल्या काळातला मोठाच विरक्त म्हणावा लागेल.

रथ आणि त्याचा धनी हा आपल्याकडे तत्त्वचिंतनाचा जुना विषय आहे. कठोपनिषदाने शरीराला रथ, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे कल्पून आत्म्याला आत बसवले. त्यानंतर काही शतकांनी यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात तोच रथ पुन्हा उभा राहिला, परंतु तो मोडून दाखवण्यासाठी. आपण रथातून आलो असे राजाने सांगताच नागसेनाने विचारले की दांडी म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके, जू, लगाम यांपैकी रथ कोणता. आणि प्रत्येक प्रश्नाला राजाला नकारच द्यावा लागला. शेवटी या सर्वांच्या आश्रयाने चालणारे एक नाव, एवढेच त्या रथाचे स्वरूप उरले. डॉ. आंबेडकरांनी 1950 साली औरंगाबादेस काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हटले, आणि 1956 च्या विजयादशमीला याच नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली. तेव्हा नागसेन हा येथल्या माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. एक गोष्ट मात्र उपनिषद आणि मिलिंदाचा संवाद या दोन्ही ठिकाणी मला खटकत आली आहे. रथाचा एवढा विचार झाला, पण रथ घडवणाऱ्याला आणि मोडल्यावर तो सांधणाऱ्याला एकाही संवादात बसायला जागा नाही. ऋग्वेदाने मात्र रथ घडवणाऱ्या ऋभूंना केवळ कारागिरीच्या बळावर देवत्व दिले आहे.

नागसेनाचे म्हणणे वाचून पटते, परंतु त्याची रुजुवात छत उघडल्यावर होते. वरची काच दोन्ही अंगांच्या काही स्क्रूंवर बसलेली असते. ते काढून दोघांनी ती अलगद वर उचलली, की खाली ॲल्युमिनियमच्या दोन लांब खाचा दिसतात, आणि त्या खाचांतून पडद्याच्या कडेचे प्लास्टिकचे लहान लहान कान सरकत असतात. माझ्या गाडीच्या उजव्या खाचेत मिरचीच्या बाजाराकडून येणारी तांबूस धूळ, तुरीचे टरफल आणि वाळून काळे पडलेले जुने ग्रीस यांचा एक कठीण थर जमला होता. त्या थरापाशी एक कान अडला, पडदा ओढणाऱ्याने जोर केला, उन्हाने नरमलेला पडदा वाकला आणि कान खाचेबाहेर निसटला. एवढाच सारा बिघाड. बारीक ब्रशने थर मोकळा करावा, व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्यावा, कान पुन्हा खाचेत बसवावा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. साधे तेल घालू नये, कारण ते नवी धूळ धरून ठेवते. हात लावलाच आहे तर चार कोपऱ्यांतली पाणी जाण्याची भोकेही मोकळी करून घ्यावीत, नाही तर मृगाच्या पहिल्या सरीत त्यांची आठवण होते.

हे करीत असताना ‘माझी गाडी’ नावाचा पदार्थ मला कोठेही सापडला नाही. काच होती, स्क्रू होते, खाच होती, नखाएवढा एक कान होता. गाडीविषयीचा जो काही अभिमान असतो तो दुरून पाहणाऱ्याचा असतो. खाचेत बोट घालणाऱ्याला अभिमान धरायला वस्तूच उरत नाही. पण त्याच वेळी, आणि येथे आजोबांशी माझा मतभेद आहे, त्या नखाएवढ्या कानाविषयीची काळजी कमी न होता वाढली. ममत्व सुटले आणि जतन राहिले. या दोहोंची आपण नेहमी गल्लत करतो, म्हणून जतन करणारा आपल्याला आसक्त वाटतो आणि फेकणारा मोकळा. रोज सकाळी गाडी पुसून तिच्यात आपले तोंड पाहणारे लोक आहेत, हे मला नाकबूल नाही. पण ते खाच उघडून पाहत नाहीत.

विरक्तांचे सर्वांत काटेकोर दप्तर म्हणजे बौद्धांचा विनय. भिक्षूला ज्या आठ वस्तूंची मुभा आहे त्यांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, कमरबंद आणि पाणी गाळण्याचे फडके यांच्या बरोबरीने सुईला जागा आहे. ज्याने घरदार सोडले त्याला सुई सोडता येत नाही! कळमन्याला जुन्या बारदानाच्या ढिगापाशी बसून दाभण आणि सुतळीने पोती सांधणाऱ्या बायांकडे पाहताना मला ही सुई आठवते. कौशांबीच्या उदयन राजाने बुद्धाचा शिष्य आनंद याला विचारले, दानात मिळालेल्या इतक्या चीवरांचे करता काय? उत्तर मिळाले की जुनी झाली म्हणजे त्यांची पांघरुणे होतात, पांघरुणांची बैठकीची आच्छादने, मग पायपुसणी, मग झटकणी, आणि अगदीच चिंध्या झाल्यावर त्या मातीत कालवून जमीन सारवतात. विनयाचा दुसरा नियम त्याहून नेमका आहे. ज्याच्या पात्राला पाचांहून कमी सांधे आहेत त्याने नवे पात्र मागू नये. मागून आणलेच तर ते संघापुढे ठेवावे, संघातील भिक्षूंनी ज्येष्ठतेच्या क्रमाने ते हाती घेऊन हवे तर आपल्याशी बदलून घ्यावे, आणि शेवटी जे पात्र उरेल ते त्याला द्यावे की हे तुझे, फुटेपर्यंत सांभाळ. शिक्षा तरी किती मार्मिक! नव्याची हाव धरणाऱ्याच्या पदरी संघातले सर्वांत नको असलेले पात्र पडते, आणि तेही त्याला जपावे लागते.

आजोबांना मी हा नियम सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि एक वाजवी हरकत काढली: पात्र सांधता येत होते म्हणून नियम झाला, ज्या वस्तूचा सुटा कानच मिळत नाही, तिथे तुमचा भिक्षू काय करील? हरकत खरी आहे. माझा कान शाबूत होता म्हणून निभावले. तो तुटला असता तर मिस्त्रीचेच खरे ठरले असते, कारण अनेकदा सुटा भाग विकतच मिळत नाही आणि चिमूटभर प्लास्टिकसाठी सगळा सरंजाम घ्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती टिकाऊ वस्तू यांच्याबरोबर मोटारींनाही त्यात घेतले, ते या अडचणीमुळेच.

पण त्या पाच सांध्यांच्या नियमामागची हकीकत पाहिली, तर प्रश्न समितीच्या आवाक्यापलीकडे जातो. एका श्रद्धाळू कुंभाराने भिक्षूंना लागतील तेवढी पात्रे देऊ केली होती. भिक्षू मागत सुटले, लहान पात्र असलेला मोठे मागे आणि मोठे असलेला लहान, आणि त्यांना पात्रे पुरवता पुरवता त्या बिचाऱ्याला विक्रीची मडकी घडवायला सवड उरेना; त्याची बायकापोरे हलाखीत पडली, लोक कुरकुरू लागले, आणि मग नियम झाला. म्हणजे भिक्षूच्या आसक्तीइतकाच कुंभाराच्या पोटाचा विचार त्यात होता. आजच्या कुंभाराची गत नेमकी उलटी आहे: लोकांनी नवे मागणे थांबवले तर त्याचे चाक थांबते, आणि त्याच्या चाकावर पुणे-चाकणच्या कारखान्यांत काम करणारी, आमच्याच गावांकडून गेलेली, हजारो मुले पोसली जातात. पाच सांधे होईपर्यंत मी माझा पडदा चालवीन, हे मला माझ्यापुरते ठरवता येते. त्या मुलांपुढे ते कोणत्या तोंडाने सांगावे, हे विनयात शोधून मला मिळालेले नाही, आणि आजोबांच्या गीतेतही त्यांना अद्याप सापडलेले नाही.