रानपिंगळ्याचा पत्ता

भोपाळ-माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या बऱ्याच मराठी घरांत कुलवृत्तांताची एखादी जीर्ण प्रत जपलेली असते. मूळ गाव, स्थलांतरे, शाखा-उपशाखा आणि पुरुषांची नावे तीत असतात; मुलींची क्वचितच. तीत मूळ गावच चुकीचे पडले, तर पुढच्या चार पिढ्या त्या चुकीच्या गावी श्रद्धेने कुलदैवत शोधीत हिंडतात. अलीकडे जैवविविधतेच्या सूचीसाठी एकेका प्रजातीचे संकेतपृष्ठ रचले जाते, ते पाहताना मला या कुलवृत्तांताचीच आठवण होते. नाव, वर्णन, छायाचित्र, आहार, विणीचा काळ आणि शेवटी एक रकाना : आढळस्थान. बाकीचे रकाने अभ्यासाने भरता येतात. हा एक रकाना मात्र भरणाऱ्यालाच प्रश्न विचारतो : जे खरे आहे, ते सारे सांगितलेच पाहिजे काय?

सातपुड्यातील रानपिंगळ्याची हकीकत या संदर्भात विचार करण्याजोगी आहे. या लहानशा घुबडाचा पहिला नमुना 1872 च्या अखेरीस ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडच्या पूर्व सीमेजवळ मिळाला. 1873 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले ॲलन ह्यूम यांनी. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे ह्यूम. पुढील दशकात डेव्हिडसन यांनी खानदेशातून काही नमुने जमविले. 1884 नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. अपवाद एकाच नोंदीचा : रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांनी 1914 साली गुजरातेत मांडवीजवळ तो मिळविल्याचा दावा केला होता. या नोंदीवर विसंबून तिथे शोध घेणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही.

अखेर पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील नमुने बारकाईने तपासले. तेव्हा उलगडले, की माइनर्ट्झहागेन यांचा नमुना मुळात डेव्हिडसन यांचाच होता. तो संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्यावर खोटी चिठ्ठी बांधलेली होती. ती नोंद बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, अस्सल नोंदींच्या ठिकाणी गेले आणि 25 नोव्हेंबर 1997 रोजी शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. मध्ये 113 वर्षे गेली होती. पुढे आपल्या मध्य प्रदेशात खंडव्याच्या बाजूच्या रानांतही तो आढळला. एका खोट्या पत्त्याने शोधाची दिशाच चुकविली होती. म्हणून आढळस्थान हा काही शोभेचा रकाना नव्हे.

मग खरा पत्ता मिळाला, की तो जाहीर करावा, हे ओघाने येते काय? दक्षिण चीनमधील एका पालीचे शास्त्रीय वर्णन 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. हौशी लोकांना प्राणी पुरविणारे व्यापारी लगोलग त्या जागी पोहोचले आणि काही वर्षांतच तिच्या मूळ ठिकाणाहून ती नाहीशी झाल्याचे शास्त्रज्ञांना लिहावे लागले. निबंध लिहिणाऱ्याने असत्य काहीच लिहिले नव्हते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांच्या व्यापाराला बंदी आहे, तरीही तांत्रिक विधींसाठी, विशेषतः दिवाळीच्या सुमारास, घुबडे पकडली जातात. रानपिंगळ्याच्या ढोलीचे अक्षांश-रेखांश संकेतपृष्ठावर टाकणाऱ्याला या हातांचा विचार करावाच लागेल.

परंतु भोपाळच्या माणसाने गुप्ततेची तरफदारी सहजासहजी करू नये. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री हमीदिया रुग्णालयात माणसांची रीघ लागली, तेव्हा श्वासावाटे नेमके काय शरीरात गेले आहे आणि त्यावर उतारा कोणता, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. न सांगितलेली माहिती माणसे मारू शकते, हे या शहराला कुणी शिकवायला नको. लिहून ठेवलेले ज्ञान रक्षणही करते. हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणावर अमेरिकेत 1995 मध्ये दिले गेलेले पेटंट 1997 मध्ये रद्द झाले, ते आपल्याकडील जुने लेखी पुरावे पुढे ठेवता आले म्हणून. केवळ आजीच्या तोंडी असलेली गोष्ट तिथे पुरावा म्हणून टिकली नसती.

म्हणजे सांगण्यातही घात आहे आणि न सांगण्यातही. या पेचात मला महाभारतातील 'नरो वा कुंजरो वा' हा प्रसंग आठवतो. धर्मराज गप्प राहिला असता, तर त्याचा रथ जमिनीला टेकला नसता. शब्द खरे ठेवून ऐकणाऱ्याच्या मनात खोटे रुजविणे, हा त्याचा दोष. संकेतपृष्ठालाही हीच कसोटी लागू पडते. हल्ली निरीक्षणे नोंदविण्याच्या काही व्यवस्थांमध्ये संकटग्रस्त प्रजातीचा बिंदू नकाशावर मुद्दाम काही किलोमीटर सरकवून दाखवितात. 'हे स्थान हेतुतः ढोबळ ठेवले आहे', असे तिथे लिहिलेले असेल, तर ते प्रामाणिक मौन आहे. तसे न लिहिता सरकविलेला बिंदू खऱ्यासारखा मिरविला, तर हेतू कितीही पवित्र असो, आपण माइनर्ट्झहागेन यांच्या चिठ्ठीच्या वाटेने निघालो.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा : हे मौन कुणासाठी आहे? 1984 मध्ये न सांगितल्याची किंमत श्वास घेणाऱ्यांनी मोजली. रानपिंगळ्याच्या बाबतीत मौन त्याच्याच रक्षणाकरिता आहे, ज्याला बोलता येत नाही. मात्र उद्या तेच रान धरणाखाली किंवा खाणीखाली जाणार असेल, तर तेच मौन त्याच्या जिवावर उठेल. म्हणून अचूक नोंद कुणा उत्तरदायी माणसापाशी सुरक्षित असलीच पाहिजे, आणि निर्णय करणाऱ्यांपुढे ती वेळेवर ठेवली गेली पाहिजे.

ठरवायचे कुणी, हा प्रश्न उरतोच. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावच्या समित्यांनी लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवह्या करावयाच्या असतात. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा हिरिरीने पाठपुरावा केला. त्या वहीत वैदू आपली मुळी सांगतो, तेव्हा ती कुठे उगवते, हे जगाला दाखवायचे की नाही, हे प्रथम त्याला विचारले पाहिजे. पृष्ठ शहरात बसून रचले जाते. रान आणि मुळी त्याच्या दारची आहे.

आपल्या कुलवृत्तांतांतही कोऱ्या जागा आहेत. काही अज्ञानाच्या, काही संकोचाच्या, काही मुलींना नगण्य मानण्याच्या. कोणती जागा कशामुळे कोरी राहिली, हे कुणी समासात टिपून ठेवले असते, तर आज तिचा अर्थ आपल्याला लागला असता. संकेतपृष्ठ रचणाऱ्या तरुणांना मी एवढेच सुचवीन : आढळस्थानाचा रकाना कोरा ठेवावा लागला, तर अवश्य ठेवा, पण तो का कोरा आहे आणि खरी नोंद कुणाकडे आहे, हे त्याच ठिकाणी लिहून ठेवा.