घरातील शिव्या आणि लेकरांचे कान

पुण्याच्या जुन्या वाड्यांत व चाळींत भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडे असतात. एका घरची शिवी चार घरच्या मुलांच्या कानी पडते. खेड्यात घरे सुटी असली तरी गोष्ट निराळी नाही. नांगराचा बैल अडला की धनी त्याच्या आईवरून शिवी हासडतो, आणि बांधावर बसलेले पोर ती ऐकत असते. पुढे पोळ्यास मातीचे बैल मांडून खेळताना ते पोर त्यांस तीच शिवी देते. बाप ऐकतो व त्याच्या मुस्काटीत मारतो. ही शिक्षा न्याय्य आहे काय, असा आमचा प्रश्न आहे.

तीन वर्षांच्या लेकरास शिवीचा अर्थ कळत नाही, हे उघड आहे. परंतु त्यास काहीच कळत नाही, असे मात्र नव्हे. बापाचा चढलेला स्वर, आईचे खाली गेलेले तोंड, क्षणभर स्तब्ध झालेले घर, हे सारे ते टिपते. ह्या शब्दात काही बळ आहे, एवढे ते शिकते. मग एखादे लेकरू पदराआड लपते. एखादे तोच शब्द स्वतः उच्चारून पाहते. प्रथम बोबड्या शिवीचे हसून कौतुक होते, पाहुण्यांपुढे ती पुन्हा म्हणावयास लावतात. वर्षभराने त्याच शब्दास चपराक मिळते. काल जे कौतुक होते ते आज अपराध कसे झाले, हे त्या जीवास कोणी सांगत नाही. निमूट राहणाऱ्या लेकराची आम्हांस अधिक काळजी वाटते. त्यास तर कोणी काही विचारीतही नाही.

अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे १९६१ साली आल्बर्ट बांडुरा ह्या मानसशास्त्रज्ञाने बालवर्गातील ७२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतील काहींसमोर एका मोठ्या माणसाने हवेच्या बाहुल्यास मारले व रागाचे शब्द उच्चारले. पुढे तसाच बाहुला हाती येताच त्यांतील पुष्कळांनी तेच हात उगारले व तेच शब्द म्हटले. त्यांस तसे करा म्हणून कोणी सांगितले नव्हते.

तेव्हा मुलाने उच्चारलेली शिवी ही पुष्कळदा घरचीच उसनवारी असते, आणि उसने देणाऱ्याने घेणाऱ्यास मारावे, हा न्याय आम्हांस पटत नाही. मुलाने शिवी दिल्यास हसू नये, मारूही नये. हा शब्द आपण बोलावयाचा नाही, राग आला तर 'मला राग आला' असे म्हण, एवढे शांतपणे सांगावे. बापाच्या तोंडी तो शब्द त्याच सायंकाळी आला, तर मात्र हे सांगणे फुकट गेले.

पुण्याहून नगरमार्गे पुढे गेले की नेवासे तालुका लागतो. तेथील सौंदाळा गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ठराव केला की, आईबहिणीवरून शिवी देणाऱ्यास ५०० रुपये दंड व्हावा. दंड मोठ्या माणसास आहे, हे आम्हांस फार योग्य वाटते. तथापि चावडीवरील शिवीस साक्षीदार पुष्कळ मिळतात. चुलीपाशी दिलेल्या शिवीस बायको व लेकरू ह्यांवाचून दुसरा साक्षीदार नसतो, आणि बापाविरुद्ध साक्ष दे, असे त्या लेकरास कोणत्या ग्रामसभेने सांगावे?