मोजलेला चेहरा

ज्या चेहऱ्यात आपण ईश्वराची प्रतिमा मानतो, त्याला पट्टी लावावी काय? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु व्यक्तिचित्राचा पहिला धडा मापाचाच असतो. हात ताठ करून पेन्सिल समोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि अंतरे ताडून पाहायची. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, हे लोहाऱ्यातील आमच्या मुलांना पटतच नाही. ती डोळे पार वर, केसांना टेकवून काढतात. आपले सारे लक्ष डोळे, नाक आणि ओठ यांवर. कपाळ व टाळू आपल्या लेखी नसतातच! माप घेतले की दुर्लक्षित भागालाही त्याची जागा मिळते. मला तो एक प्रकारचा न्याय वाटतो. आपल्या शिल्पशास्त्रानेही चेहऱ्याची बारा अंगुले कपाळ, नाक व हनुवटीपर्यंतचा भाग यांना चार-चार अशी वाटून दिली आहेत. अर्थात ते माप मूर्तीचे, शेजाऱ्याचे नव्हे.

परंतु हेच माप अन्यायाचे हत्यारही झाले. 1891 च्या सुमारास हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने बंगालमधील लोकांची नाके मोजली आणि नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला. आजही ‘चेहऱ्यावरूनच कळते’ असे म्हणून पारध्याच्या पोराला हटकणारे आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांना तर पट्टीचीही गरज भासत नाही.

मग दोष मापाचा काय? 1920 च्या दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. पुढे नाझींच्या वंशवादाला शास्त्राचा आधार देणारे हेच ते फिशर. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशागणिक बदलते आणि त्यातून युरोपीयांचे श्रेष्ठत्व दिसते, अशी गुरूंची धारणा. इरावतीबाईंच्या मापांत तसा संबंध आढळला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले.

खरोखर, कोणत्याही जिवंत चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. येथील एका मुलीने आजीचे चित्र काढताना तिची झुकलेली डावी पापणी उजवीसारखी केली. चित्र सुबक झाले; आजी मात्र हरवली. दुरुस्ती मायेपोटी होती, म्हणूनच प्रश्न कठीण. मायेने तरी दुसऱ्याचा चेहरा बदलण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो काय? मला तसे वाटत नाही. मी तिला पुन्हा आजीसमोर बसविले. पापणी जशीच्या तशी उतरायला दुप्पट वेळ लागला.